ढगाळ हवेची गोळी

औषध घ्यायला माणूस आजारी असावा लागतो, ही अट आमच्या थोरल्या साडूंनी कधी मान्यच केली नाही. दिंडोरीला त्यांची सहा एकर द्राक्षबाग. बागेच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. रोग दिसल्यावर फवारायला निघतो तो कसला बागाईतदार, हे त्यांचं तत्त्व, आणि ते त्यांनी तितक्याच निष्ठेने घरच्या माणसांनाही लावलं. नव्वदनंतरची ती वर्षं. मेडिकलमध्ये नुसतं नाव घेतलं की कॅप्सूल मिळे, आणि डॉक्टरची चिठ्ठी मागणं हा गिऱ्हाइकाचा अपमान समजला जाई. आभाळ भरून आलं की बागेत फवारणीचा ट्रॅक्टर शिरायचा आणि स्वयंपाकघरात साडूंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाकरी थापता थापता तोंड उघडायची, की साडू त्यात कॅप्सूल टाकायचे. दोन दिवसांनी ऊन पडलं की कोर्स संपला. उरलेल्या गोळ्या डब्यात परत जात. "गुण आला ना? मग कशाला वाया घालवायच्या?"

मी नाशिकला शिक्षक. साडू आमच्याकडे येत ते एका हातात द्राक्षांची पेटी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मला झोप येत नाही, असं मी चुकून त्यांच्यासमोर बोललो. "मास्तर, ही घ्या. डोकं गार राहतं." घेतली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर मी तीन तास गाढ झोपलो. त्या वर्षी आमच्या केंद्राचा निकाल फार चांगला लागला.

त्यांचा एक भाचा काटकुळा म्हणून स्थळं जमेनात. साडूंनी त्याला अंग भरायच्या गोळ्या सुरू केल्या. दीड महिन्यात पोराचा चेहरा भाकरी फुगावी तसा फुगला. मुलीकडच्यांनी फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कुठे आहे?" साडू शांतपणे म्हणाले, "हा त्याचाच पुढचा बहर हाय." त्या गोळ्या एकदम बंदही करता येत नाहीत, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. मात्रा उतरवत आणायला चार महिने लागले. साडूंच्या मते दोष भाच्याच्या प्रकृतीचा होता.

मग एका ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास आक्काला थंडी वाजून ताप आला. डब्यातली कॅप्सूल दिली, ताप उतरला, कॅप्सूल बंद झाली, ताप पुन्हा चढला. असं तीनदा झाल्यावर तिला नाशिकला दाखल केलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते आणि नेहमीच्या एकाही औषधाला ते जुमानत नव्हते. आपण कुठल्याही उपायात कमी पडलो नाही, हे दाखवायला साडूंनी डबाच डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टर तरुण, आणि बागाईतदाराच्याच घरातले. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "काका, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला एकच औषध कमी मात्रेनं, अर्धवट, पुन्हा पुन्हा मारलं तर काय होतं?"

"रोगाला सवय लागती," साडू लगेच म्हणाले. "मग तो कशालाच दाद देत नाय. येडा माणूस बी असं करनार नाय."

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो साडूंच्या हातात परत दिला. साडू बाहेर येऊन पायरीवर बसले. एरवी त्यांच्यासाठी माझ्याकडे एखादा टोमणा तयार असतो. त्या दिवशी सुचला नाही. "मास्तर," ते म्हणाले, "ती जगंल ना?"

एक जबर इंजेक्शन उरलं होतं. त्याने कान जाऊ शकतात, असं सांगून डॉक्टरांनी सही घेतली. आक्का वाचली. कान गेले.

आता तो डबा नाही. चिठ्ठीतली गोळी, चिठ्ठीतली वेळ, शेवटच्या गोळीपर्यंत. आणि फवारणीच्या वहीत आक्काच्या गोळ्यांसाठी वेगळं पान आहे. "गोळी घेतली का?" असं साडू तिच्या कानाशी ओरडतात तेव्हा अख्ख्या गल्लीला आपली गोळी आठवते. आक्का म्हणते, "बरं झालं कान गेले. यांचे सल्ले तरी ऐकायचे वाचले." सगळे हसतात, साडूही हसतात.

परवा मी गेलो होतो. आक्का पाठमोरी बसून भांडी लावत होती. साडू तिच्या पाठीकडे बघत अगदी हळू म्हणाले, "चुकलं माझं."

आक्का भांडी लावत राहिली.