चेनपुलीवरचं नाव

कारखान्यात त्याला सगळे फोरमनकाका म्हणत, पण फोरमन तो कधीच झाला नाही. साधा फिटर होता. उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. जुन्या चेनपुलीनं इंजिन चढवताना साखळी हातातून सुटली, दातेरी चाकात बोटं गेली आणि इंजिन खाली आलं. खाली त्याचा जोडीदार उभा होता. तो जागीच गेला.

तेव्हापासून एकच विचार त्याच्या डोक्यात घर करून बसला: साखळी सुटली तरी ओझं जागच्या जागी थांबलं पाहिजे.

चार वर्षं तो सुट्टीच्या दिवशी भंगारातल्या चाकांशी झटत होता. खटका लावला, तर ओझं थांबे, पण उतरवताना दणके देई. कातड्याची चकती घातली, ती तापून जळाली. बायको म्हणायची, "सवत आणली असतीत तर निदान भांडी तरी घासली असती तिनं." शेवटी त्याला सुचलं, की ओझ्याचंच वजन चकतीवर दाबायचं. जितकं ओझं जड, तितका ब्रेक घट्ट. टनभर लोखंड टांगून त्यानं साखळी सोडली आणि स्वतः खाली जाऊन उभा राहिला. लोखंड केसभरही हललं नाही.

आराखडा काढणं त्याला जमत नसे. धाकट्या बहिणीचा नवरा त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. "दाजी, हे तुम्ही कागदावर उतरवा," तो म्हणाला. दाजी आठ रविवार आले. एकेक दात मोजून घेतला.

वर्षभरानं कारखान्याची नवी चेनपुली बाजारात निघाली. तिच्यावर पितळी पट्टी होती: पेटंटचा नंबर आणि दाजींचं नाव.

तो ड्रॉइंग ऑफिसात गेला. "दाजी, पट्टीवर चूक झालीय."

दाजींनी मान वर केली नाही. "अर्ज करेल त्याचं नाव लागतं. तुम्हाला अर्ज लिहिता आला असता का?"

"सही तर करता आली असती."

दाजींनी केसानं गळा कापला होता. पण बहिणीला यातलं काही ठाऊक नसणार, अशी त्याची खात्री होती. संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. तिनं पाणी दिलं आणि उभीच राहिली.

"दादा, अर्ज माझ्या अक्षरात आहे," ती म्हणाली. "ते सांगत गेले, मी लिहीत गेले. वाटलं, अर्जात पुढं कुठंतरी तुझं नाव येईल. आलंच नाही."

"मग हात नाही थांबला तुझा?"

"संसार करायचाय मला इथं."

आई गेल्यावर याच पोरीला त्यानं मांडीवर बसवून मुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. तो पाणी न पिता उठला.

नोकरी त्यानं सोडली नाही. नवी चेनपुली ज्या ज्या कारखान्यात जाई, तिथं ती वापरायला शिकवायला मालक त्यालाच पाठवत, आणि तो मन लावून शिकवी. कुणी विचारलं, "कुणी काढलं हो हे?" तर म्हणे, "पट्टी वाचा."

बहीण नंतर दोनदा घरी आली. बायकोनं चहा केला. तो समोर बसला, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि कप रिकामा झाल्यावर तिला जिन्यापर्यंत सोडून आला.