झोपाळ्यावरचं फ्रेंच

तापीपासून गिरणेपर्यंतच्या मुलखात माझ्या फुवांइतका निःपक्षपाती माणूस झाला नाही, आणि घरच्यांना त्यांच्याइतका वैताग आणणाराही कुणी झाला नाही. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, वडिलांच्या थोरल्या बहिणीचे, यजमान. तरुणपणी एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचे कारकून म्हणून ते नऊ वर्षं पॅरिसला राहिले. परदेशातून लोक घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. फुवांनी दोन शब्दप्रयोग आणले. ‘द्यून पार’ म्हणजे एका बाजूने पाहता, आणि ‘दोत्र पार’ म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहता. जळगावच्या घरात पुढच्या खोलीत त्यांचा सागवानी झोपाळा होता. तो पुढे गेला की द्यून पार, मागे आला की दोत्र पार. निष्कर्ष मात्र झोपाळा आपणहून थांबेल तेव्हाच. तो पाय रोवून थांबवणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी.

जेवताना तरी सुटका? छे. “द्यून पार, भरतावर तेल तरंगायला हवं. दोत्र पार, माझं पित्त...” फुई कळण्याची भाकरी घेऊन ताटकळलेली. “आधी भाकर घ्या, गार होऊन राह्यली! पित्ताचं मंग पाहू.” एकदा धुळ्याला लग्नाला जायचं होतं. मोटारीने की आगगाडीने, याच्या दोन्ही बाजू फुवांनी इतक्या न्यायाने मांडल्या की आम्ही पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी यावलच्या केळीच्या बागायतदाराची लेक, कॉलेजसाठी फुईकडे राहिलेली. मी फ्रेंच का घेतलं? संस्कृतात पाठांतर फार, आणि काळा चष्मा मला शोभतो असा माझा समज होता; फ्रेंच हे मला त्या चष्म्याचंच पुढचं प्रकरण वाटलं. नातवंडांनो, हसा खुशाल, मीही हसतेय. शिकवायला गावात कुणी नाही, म्हणून फुवा. परीक्षेत एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तोलून निबंध लिहावा लागे. फुवांनी पहिला विषय दिला, ‘खेडं बरं की शहर?’ मी दीड पान शहराची आरती ओवाळली आणि शेवटी दुसरी बाजू म्हणून लिहिलं, ‘खेड्यात चिखल असतो.’ फुवांनी वही झोपाळ्याच्या पार कडेला ठेवली आणि झोका दिला. वही धप्पकन खाली.

“पाहिलंस? सगळा भार एकीकडे. जी बाजू पटत नाही ना, ती जास्त मनापासून लिही. तिच्या वतीने बोलायला तिथे दुसरं कुणी नसतं बिचारीच्या.”

परीक्षेला दोन महिने उरले आणि यावलहून आबा, माझे वडील, येऊन दाखल झाले. भडगावचं स्थळ, मुलगा शाळामास्तर, खिशात त्याचा फोटो. “शिक्षन पुरे झालं. बांध गाठोडं.” मी रडायची जय्यत तयारी केली, चष्मासुद्धा काढून ठेवला. पण फुवांनी आबांना झोपाळ्यावर डावीकडे बसवलं, मला उजवीकडे, आणि मध्ये स्वतः.

“रडणं निष्कर्षात येतं, पोरी. आधी मांडणी. शालकबुवा, तुम्ही पोरीची बाजू मांडा. आणि तू आबांची.”

“दाजी, हे काय नवीन खूळ?” आबा कुरकुरले. पण झोपाळा सुरू झाला होता. “आता... पोरगी हुशार आहे. केयीचा घड अर्धा भरला अन् कापला, तर तो कोन घेईन?” मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिच्या मायले वाचता येत नव्हतं. माझी चिठ्ठी शेजारीन वाचून दाखवे. मंग मी काय लिहू? पाऊस लिहो, बैल लिहो. मनातलं कधी लिहिताच आलं नाही मले.”

आबा इतकं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी झोपाळाही थांबता थांबेना. मग माझी पाळी. मुलगा मास्तर, म्हणजे घरात पुस्तकं असणार. जवळ नदी. फोटोत कानामागे एक केसांची बट उभी. म्हणजे आरशासमोर वेळ घालवणारा नाही. बोलता बोलता ती बट मला आवडायलाच लागली की हो!

झोपाळा थांबला.

“शिकू द्या तिले,” आबा म्हणाले.

“मुलगा तसा वाईट नाही,” त्याच क्षणी मी म्हणाले.

“घ्या! आता उलटे भांडा!” फुवांनी टाळीच वाजवली.

दारातून फुई कडाडली, “परीक्षा दे, मंग लगीन कर! यवढ्यासाठी पॅरिसले जा लागते का?”

तसंच झालं. परीक्षा झाली, लग्न झालं, ती बट मी पुढे आयुष्यभर तेल लावून बसवत राहिले.

फुवा थकल्यावर एकदा मी भडगावहून त्यांना भेटायला गेले. फुई तोवर गेली होती. झोपाळ्यावर त्यांच्याशेजारी बसून विचारलं, “फुवा, त्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?”

“झोपाळा थांबला की सांगतो,” ते म्हणाले.

वाट पाहिली. थांबेना. सहज खाली नजर गेली, तर धोतराच्या सोग्याआडून त्यांच्या पायाचा अंगठा हळूच फरशीला रेटा देत होता. आबा मनातलं बोलून संपेपर्यंत त्या दिवशी झोपाळा का हलत राहिला, ते मला तेव्हा उमगलं. निःपक्षपाती म्हणे!

 मीही माझा अंगठा फरशीला टेकवला आणि हळूच रेटा दिला.