एकच नंबर, सर!

शीतगृहाच्या माल सोडायच्या खिडकीवर बसणाऱ्या या गृहस्थाला सगळे 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे, आणि ह्याला वाटायचं, कौतुकानं म्हणतात! लिहिता-वाचता येत होतं की त्याला, अक्षरही बरं होतं. पण फोन हातात आला की वाचायचं कशाला? शीतगृहाच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं रे टाकलं की ह्याचा अंगठा हजर. हमाल पेट्या घेऊन खोळंबलेत, चलनावर शिक्का मारायचा राहिलाय, आणि हा मान खाली घालून सरकवतोय, दाबतोय, सरकवतोय, दाबतोय. पॅकिंगमधल्या बाईंनी सायकल चोरीला गेल्याचं टाकलं, तर ह्यानं खाली लिहिलं, 'अभिनंदन, ताई!' बाईंनी खिडकीवर येऊन झापलं तेव्हा म्हणतो कसा, "अहो, फोटोत सायकल दिसली, मला वाटलं नवी घेतलीत."

पण भोळा समजू नका हं त्याला. अंगठा कुणाला आणि बदाम कुणाला, हे त्याचं पक्कं ठरलेलं. बरोबरीच्यांना अंगठा. हमालांना काहीच नाही, त्यांनी पोरीच्या बक्षिसाचा फोटो टाकला तरी नाही. हिशेबनीस ह्याच्या फोटोकडे फिरकला नाही, तर ह्यानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि मॅनेजरसाहेब? त्यांना बदाम, वर टाळ्या, आणि खाली ठरलेलं वाक्य: 'एकच नंबर, सर!' साहेबांनी काळा चष्मा घालून फोटो टाकलेला असो नाहीतर जांभई देताना. आपल्याआधी दुसऱ्या कुणाचं नाव दिसलं तर ह्याचा जीव कासावीस व्हायचा. खिडकीवरून उठून आतल्या केबिनमध्ये बसायचं होतं ना त्याला! साहेब पहिलं नाव कुणाचं ते बघतात, अशी त्याची खात्री होती. दुर्दैवानं ते खरंही होतं.

त्याचा थोरला भाऊ तिथेच, कॉम्प्रेसरच्या खोलीत. ह्याला नोकरीला चिकटवला तो दादानंच, आणि सुरुवातीला हाताखाली घेऊन शिकवलाही. यंत्राचं ऐकायची दादाची रीत अशी: स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला, मूठ कानाला, डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले. आत बेअरिंग कुरकुरतंय का, ते असंच कळतं. ह्यानंही कितीदा तसं ऐकलं होतं. जमलं नाही म्हणून खिडकीवर आला, ते सोडा.

तर एका दुपारी मॅनेजर त्या खोलीच्या दारात उभे राहिले. दादा नेहमीसारखा यंत्राला कान लावून. मागून स्क्रूड्रायव्हर कुठला दिसायला? साहेबांनी फोटो काढला आणि खाली लिहून टाकला: 'आमच्याकडे पगारी झोपेची उत्तम सोय आहे.'

आपले गृहस्थ जेवत होते. एका हातात घास, दुसऱ्यात फोन. साहेबांचं नाव दिसलं, बस्स! फोटो उघडायचेही कष्ट नाहीत. बदाम, टाळ्या, 'एकच नंबर, सर!' मग काय, सख्ख्या भावानंच मान डोलावल्यावर बाकीच्यांना कसली भीड? सगळे खदाखदा हसणारी तोंडं टाकत सुटले.

पॅकिंगमधल्या बाई पुन्हा खिडकीवर आल्या. "लाज कोळून प्यायलात काय हो? दादांवर हसता?"

त्यानं फोटो उघडला आणि पाचावर धारण बसली. पुसून टाकावं? अंगठा तिथवर गेलाही. पण त्याच्या वाक्याला साहेबांनी उलट बदाम दिलेला! आजवर कधी दिला नव्हता. आता पुसायचं म्हणजे साहेबांना तोंडावर खोटं पाडायचं. ह्या मूर्खाला त्या क्षणीसुद्धा त्या बदामाचं बरं वाटलं, काय बोलायचं!

संध्याकाळी दादाकडे जावंच लागलं, घर वरच्याच मजल्यावर. वहिनीनं दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेली.

"बस," दादा म्हणाला. "फोटो बघून मालकांनी, मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. मी सांगितलं, झोपलो नव्हतो, ऐकत होतो. तर म्हणाले, तुमचा भाऊ तिथंच शिकलाय ना, तो काय म्हणतोय बघा. उद्या सकाळी ठरवणार आहेत, खोलीत ठेवायचं की फाटकावर पाठवायचं. एकच सांग. बघून लिहिलंस की न बघता?"

बघून म्हणावं तर हरामखोर, न बघता म्हणावं तर बावळट. त्यानं बावळट निवडलं.

"न बघता, दादा. शप्पथ."

दादाचा चेहरा एकदम सैल झाला. "मी हिला तेच सांगत होतो! बघितलं असतं तर असं लिहिलंच नसतं त्यानं. मग आता लिही की. एवढंच लिही, दादा झोपलेला नाही, यंत्र ऐकतोय. मोठे साहेब सकाळी बघतील."

त्यानं फोन काढला. 'दादा झोप' इथपर्यंत अक्षरं उमटली. वर साहेबांचा बदाम लालबुंद. अंगठा, तो रात्रंदिवस चालणारा अंगठा, अडला.

"रेंज नाही वाटतं इथं."

"मी आत्ता आईशी व्हिडिओवर बोलले की," वहिनी आतून म्हणाली.

"खाली जाऊन नीट लिहितो, दादा. असल्या गोष्टी विचार करून लिहाव्या लागतात."

विचार करून! हा! दादानं नुसती मान हलवली. खाली येऊन ह्यानं ती अर्धी अक्षरं पुसली आणि चादर डोक्यावर ओढून पडला.

सकाळी दादा फाटकावर होता. अंगात पहारेकऱ्याचा सदरा, खांद्यावर घट्ट होणारा. हा फोन कानाला लावून, कुणाशी तरी बोलल्यासारखं करत आला. पलीकडे कुणी नव्हतं. दादानं आडवा दांडा वर केला आणि बाजूला सरकून उभा राहिला. जन्मापासून ह्याला 'ए, ये रे' म्हणणारा तो माणूस सरळ त्याच्याकडे बघून म्हणाला,

"या. सावकाश या आपण."