गुरुवारचा वस्तरा

"सहा आहेत. सातवा शोधून आणा," असं म्हणून डॉक्टरसाहेबांनी पेटी माझ्याकडे सरकवली.

आत मखमलीवर सहा वस्तरे. हस्तिदंती मुठी, प्रत्येकीवर कोरलेला मोर. पात्याच्या पाठीवर इंग्रजीत वाराचं नाव. रोज वेगळा वस्तरा वापरायचा, म्हणजे पात्याला सहा दिवस विश्रांती. आंबागडच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, वारसांनी पेटी साहेबांना दिली होती. गुरुवारची खाच रिकामी.

मी त्यांच्या हाताखाली हेल्थ वर्कर. गप्प बसणं मला जमत नाही.

"साहेब, गावात लोकांच्या हनुवटीत पू होतोय आणि आपण हत्तीचे दात गोळा करायचे?"

"भाषण नको. आंबागडला राउंड आहे ना तुमचा?"

होता. वर्षापूर्वी मी सायक्लोस्टाईल करून पत्रक वाटलं होतं, 'वस्तरा उकळा'. एकाचा वस्तरा तसाच दुसऱ्याला लावला की पुटकुळ्या पसरतात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दहा मिनिटं उकळतं पाणी. सिहोरा गावच्या न्हाव्याला त्याच पत्रकावर साबणाचा फेस पुसताना मी डोळ्यांनी पाहिलं.

चिडलो होतोच. तरी सायकल मारताना एकच प्रश्न डोक्यात. नेमका गुरुवारच का हरवला?

आंबागडचे म्हातारे न्हावी सुकराममामा चिंचेखाली दाढी करत होते. शेजारी चुलीवर पातेलं. मी पेटीची हकीकत सांगितली.

"हरवते कायले? मालगुजार गुरुवारी दाढी करत नव्हते. बसून राहनारा उस्तरा कोन ठेवते? माया बापाले देऊन टाकला."

"बिनवापराचा तेवढाच दिला?"

"मंग काय सोमवारचा देतीन?" गिऱ्हाईक हसलं. "हालू नको बे, कान जाईन."

"आता कुठं आहे?"

मामांनी चिमट्यानं पातेल्यातून तो बाहेर काढला. पातं लख्ख. मूठ वाकडी झालेली, उभी तडकलेली, तारेनं आवळलेली. मोराची मान गायब.

"मामा, हे काय केलं?"

"मी नाही, तुमच्या कागदानं केलं. दहा मिनिटं लिवलं होतं, मी पुरे दहा उकडतो. पन सालभरात एकाची हनुवटी पिकली नाही, भाऊ."

हस्तिदंत गरम पाण्यात फुगतो आणि वाळताना चिरतो. हे मला ठाऊक नव्हतं. पत्रक मात्र ठणकावून लिहिलं होतं.

"साहेबांना द्याल का?"

"माये बाकीचे उस्तरे झिजले. हाही नेला तं उद्या दाढ्या कायनं करू, विळ्यानं?"

रिकाम्या हातानं परतलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तडे उभे की आडवे?"

"उभे."

"आणि हनुवट्या?"

"साफ."

साहेबांनी पेटी बंद केली. "पुढच्या पत्रकात एक ओळ वाढवा. हस्तिदंती मूठ असेल तर उकळू नये, स्पिरिटनं पुसावं."

ओळ वाढवली. माझ्या राउंडच्या गावांत हस्तिदंती वस्तरा एकाकडेच होता. पत्रक पाळणारेही एकटे सुकराममामाच निघाले. आपली पत्रकं कुणी मनावर घेत नाही, ही तक्रार मी तेव्हापासून बंद केली.