न्यायाच्या काजूंचं गाऱ्हाणं

हिंगोलीकडून मी कुडाळला आले तेव्हा काजू झाडाला लागतो कसा, हेही ठाऊक नव्हतं. शाळा सातवीतच सुटलेली. काजूच्या कारखान्यानं काम दिलं, वर माझ्या पोरीला शेजारच्या पाळणाघरात जागा दिली. त्यासाठी मी आजही मनोमन हात जोडते.

ते पाळणाघर चालायचं परदेशात जाणाऱ्या काजूवर. कामकरणीला रास्त दाम मिळावा म्हणून तिकडचे लोक पुड्यामागे थोडं जास्त देतात. आम्ही त्यांना न्यायाचे काजू म्हणायचो. गरावरची साल काढता काढता डोळे जड व्हायचे, आणि बर्फातलं एक घर दिसायचं. खिडकीत कुणी अनोळखी बाई एकेक गर सावकाश चावतेय, आणि तिच्या घासागणिक इकडे माझी पोर झोक्यावर जरा वर जातेय.

एक दिवस सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, जर्मनीत आपला खप उतरलाय, इंग्लंडातही. फिनलंडात थोडा वाढलाय, पण तेवढ्यावर पाळणाघर चालेल की नाही, सांगता येत नाही.

माझ्या हातून गर फार तुटायचे. मला वाटलं, माझेच तुकडे खाऊन जर्मनी रुसली.

तेवढ्यात शेजारी बसणारी काकी म्हणाली, "फाल्या गाऱ्हाणा घालूक व्हया."

फाल्या म्हणजे उद्या, एवढं कळलं; पण आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मी घाईनं म्हणाले, "काकी, मालकाकडे माझं गाऱ्हाणं नका नेऊ. मी सावकाश सोलीन."

"अगो बाय माझे, गाऱ्हाणा देवाक घालतत." मग बाकीच्यांकडे वळून, "हिका वाटला, जर्मनीवाले हिचीच तक्रार घेवन इले."

दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या देवापुढे नारळ ठेवून म्हातारे वॉचमन उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, जर्मनीत, इंग्लंडात जे कोण आमचे काजी सोडून आणि कायता खातत, त्यांची मती फिरव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या म्हणाल्या.

"फिनलंड खंय आसा ता आमका ठावक नाय, पण थंयसर खप वाढव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी माझाच आवाज सगळ्यांच्या वर गेला.

जर्मनीची मती काही फिरली नाही. फिनलंडाची मागणी वाढली, पण जेमतेम. पाळणाघर आता दुपारपर्यंतच उघडं असतं. काकीनं आपली पाळी सकाळची करून घेतली. दुपारनंतर पोर तिच्याच घरी असते. संध्याकाळी घ्यायला गेले की पोर दारातूनच मला दटावते, "आये, खंय होतंस गो?"