हळू गायचं म्हणजे

मी नाशिकला निघालो त्या दिवशी नानांना एका हळदीला जायचं होतं. नाना म्हणजे माझे वडील, लग्नाच्या बँडमधले गायक. त्यामुळे चांदवडच्या स्टँडवर ते बँडचा लाल कोट घालूनच मला सोडायला आले. लोक वळून वळून बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एसटी लागली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "नाशिक काय लांब हाय? जेवायलाबी येता येईल."

लांब नाही, हीच तर पंचाईत आहे. तुमच्यापैकी जे दुबईला, कॅनडाला गेलात त्यांच्याकडे अंतराचं निमित्त तरी आहे. वर्षातून एकदा येता, चॉकलेटं वाटता, विमानतळावर रडता. मला दर थोड्या वेळाने एसटी आहे, तरी मी पोळ्याला आणि दिवाळीलाच जातो. गेलो की दुसऱ्या दिवशी पायाला भिंगरी लागते, आणि नाशकात खोलीवर परतलो की घरची आठवण येते. तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. धड इथला नाही, धड तिथला नाही.

गावात कुणी विचारलं तर मी "हॉटेलात गातो" असं सांगतो. ते खोटं नाही. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत तीसेक खुर्च्या असतात, टेबलांवर छोटे दिवे, एक पियानो, एक डबल बास, आणि काठ्यांऐवजी तारेच्या ब्रशने वाजवणारा ड्रमर. मी जॅझ गातो. अर्धी गाणी जुनी इंग्रजी आणि अर्धी माझी, मराठी. त्यातलं एक आग्रा हायवेच्या ट्रकांच्या हॉर्नवर आहे. ओठ जवळजवळ माइकला लावून, कुणा एकाच्याच कानात सांगावं तसं गायचं, अशी ही गायकी.

नानांची गायकी याच्या अगदी उलट. कर्ण्यांची गाडी मागे, जनरेटर त्याच्याही मागे, एका हातात माइक आणि दुसऱ्या हाताने समोरची वाहनं थांबवत ते गायचे. मला सांगायचे, "गळा खोलून गा. वरातीतल्या शेवटच्या म्हाताऱ्याला आईकू गेलं पाहिजे." त्यांच्यानंतर तो माइक माझ्याकडे येणार हे सगळ्या बँडने गृहीत धरलं होतं.

मागच्या लग्नसराईत नानांचा आवाज फाटायला लागला. मी त्यांना नाशकात घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, म्हणाले. ओरडून गाणं आता कायमचं बंद, नाहीतर आहे तो आवाजही जाईल. संध्याकाळी माझा कार्यक्रम होता. त्यांना खोलीवर एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून सोबत नेलं. माझं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

पुढच्याच टेबलावर, टोपी गुडघ्यावर ठेवून ते बसले. दुसरं गाणं चालू असताना उठले. मला वाटलं, निघाले. ते सरळ साउंडवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "पोराचा आवाज कोंडलाय, जरा सोडा ना." लोक हसले. साउंडवाला म्हणाला, "काका, तो असाच गातो." नाना परत येऊन बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत माझ्याकडे दयेने बघत राहिले. बाहेर आल्यावर खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुलाबी डॉक्टरनं बंद केलं का रे?"

मी हसलो, पण रात्रभर कूस बदलत होतो. पुढे बँडने दुसरा गायक घेतला. नाना घरी बसले. फोनवर नुसतं "हं" म्हणायचे. शेवटी मला राहवेना. म्हणालो, "नाना, या सीझनला मी येतो. मी गातो बँडमध्ये." खरंच जायच्या तयारीत होतो मी. नाना म्हणाले, "नको बाबा. तुझा आवाज नवरदेवाच्या घोड्यालासुदिक आईकू जायचा नाय."

त्यानंतरच्या सोमवारी मी न कळवता घरी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ते तुझं हळूचं दाखव बरं." मी त्यांच्या शेजारी बसलो आणि कानाशी गाऊन दाखवलं. मग ते तसंच माझ्या कानाशी झुकून गायला लागले. सवयीने हात वाहनं थांबवायला वर गेला, तो त्यांनी खाली घेतला. वरातीतलंच एक जुनं गाणं होतं, पण अगदी हळू. आवाज चिरलेला आणि सूर जिथल्या तिथे. मला रडू आलं. इतकी वर्षं मी कर्ण्यांचा आवाज ऐकत आलो होतो, नानांचा हा पहिल्यांदाच ऐकत होतो. आई आतून बघायला आली, कोण पाहुणा गातोय म्हणून.

दोन ओळी गाऊन नाना थांबले. "बरं हाय हे," म्हणाले, "घशाला तरास नाय. पण एवढं हळू गायचं म्हणजे आईकणारा जवळ लागतो रे. तू संध्याकाळच्या गाडीनं जाशील ना?"

मी हो म्हणालो, आणि गेलोही.

आता कुणी घर म्हटलं की मला चांदवड आठवत नाही. नानांच्या तोंडापासून माझ्या कानापर्यंतची वीतभर जागा आठवते, आणि तिथे मी नसतो.