दोन इंच कमी पडलेली लेबर रूम

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एक छोटा दवाखाना काढायचा, परवानगीचा अर्ज करायचा आणि बसून राहायचं. ते आपणहून येतात, बहुतेक वेळा सरकारी जीपमधून! मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. लिहायला बसले की हसू येतं आणि अर्ध्यात डोकं तापतं, म्हणून आजवर राहून गेलं.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. बाळंतपणं करणारी डॉक्टर. दवनीवाड्यात माझा आठ खाटांचा दवाखाना आहे. लता सिस्टर पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त बाळं त्यांनी हातात घेतली आहेत. फायली सांभाळतात बिसेनभाऊ. धानाची शेती मुलाकडे सोपवून ते आमच्याकडे आले. "शेतात बसून बसून कंटाळलो," म्हणाले. आता कचेऱ्यांच्या बाकांवर बसतात.

*

सुरुवात टाइल्सपासून झाली. तपासणीला आलेले पहिले साहेब म्हणाले, "लेबर रूमच्या भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स पाहिजेत." रास्त होतं. भिंत धुता येते, स्वच्छ राहते. आम्ही महिनाभरात लावून घेतल्या.

पुढच्या वेळी दुसरे साहेब आले. त्यांनी टेप काढला, खोली मोजली, पुन्हा मोजली.

"मॅडम, रुंदी दोन इंच कमी भरते."

कशी नाही भरणार? दोन्ही भिंतींवर सिमेंट आणि टाइल मिळून एकेक इंच गेला होता! बिसेनभाऊंनी नम्रपणे विचारलं, "मंग टाइल्स काढू का साहेब?"

"काढल्या तर टाइल्स नाहीत म्हणून शेरा मारावा लागेल."

परवान्याचं नूतनीकरण अडलं. लेबर रूमच्या दाराला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील लागलं. ओपीडी चालू ठेवा, बाळंतपण करायचं नाही, असा हुकूम झाला. साहेब निघून गेल्यावर लता सिस्टर त्या दारासमोरच उभ्या होत्या. त्यांच्या मुलीला, पौर्णिमाला, तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण. ते त्याच खोलीत, आईच्या हातून व्हायचं ठरलेलं होतं.

"दोन महिने हायेत म्याडम," त्या म्हणाल्या. "दोन इंचाले दोन महिने लय झाले."

*

मग आम्ही धावपळ सुरू केली. एका कचेरीत विचारणा झाली की गोंदियात एवढे दवाखाने असताना दवनीवाड्यात आणखी एकाची गरज काय?

मी लांबलचक उत्तर तयार करत होते. बिसेनभाऊ आधीच बोलून गेले.

"गरज हाये का नाही हे तुमी काऊन ठरवून राहिले साहेब? दवाखाना खराब असला त बाया येतील कायले? चांगला असला त तुमी हाकलले तरी येतील!"

साहेबांनी ते फाईलवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर धोरण म्हणून पुरेसं होतं, असं मला अजून वाटतं.

*

प्रदूषणाच्या परवानगीचा फॉर्म ऑनलाइन होता. त्यात एक रकाना: चिमणीची उंची. आमच्याकडे चिमणी नाही. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. शून्य लिहिलं. आठ दिवसांनी आक्षेप आला: उंची किमान मर्यादेपेक्षा कमी!

चौकशीला एक साहेब आले. शेजारी राइस मिल आहे. तिची राख दिवसभर आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायची. साहेब अंगणात खुर्चीवर बसून चिमणी नसल्याचा पंचनामा लिहीत होते आणि मधूनमधून चष्म्यावरची राख रुमालाने पुसत होते.

"साहेब, ही राख कुठून येते ते लिहा ना," मी म्हटलं.

"तो वेगळा विषय आहे मॅडम. त्यांची फाईल क्लिअर आहे."

फाईल क्लिअर! चादरी काळ्या, बाळांना शिंका, आणि फाईल क्लिअर. मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. गोंदिया जिल्ह्यात याहून मोठा निषेध नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मिलमध्ये गेले. एक मळकी चादर शेठजींच्या टेबलावर पसरली. म्हटलं, "ही माझी चादर आणि ही तुमची राख. काय करायचं बोला."

शेठजींनी चादर निरखली, कपाळाला हात लावला. "अरे मैडम, इतनी सी बात? पहले बोलना था ना! आप मेरे मजदूरों की छाती चेक कर दो हर महीने, मैं धूल का बंदोबस्त करवा देता हूँ।"

दहा मिनिटांत सौदा ठरला. ना अर्ज, ना शिक्का. पंधरा दिवसांत मिलवर राख अडवणारं यंत्र बसलं आणि चादरी पांढऱ्या वाळायला लागल्या. मी मजुरांची तपासणी सुरू केली. त्यातल्या दोघांना वेळेवर उपचार मिळाले.

महिन्याभरात शेठजींना नोटीस आली. पूर्वपरवानगीशिवाय यंत्र बसवल्याबद्दल!

शेठजी नोटीस घेऊन माझ्याकडे आले. "मैडम, धुआँ छोड़ता था तब कोई नहीं आया," एवढंच म्हणाले आणि रक्तदाब तपासून घेऊन गेले.

*

कुणाला वाटेल मला नियमच नको आहेत. तसं नाही हो! आमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे, अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र. लता सिस्टर रोज त्याची नोंद ठेवतात आणि साहेब आले की पहिल्यांदा ती वही पुढे करतात. आजपर्यंत एकाही साहेबाने ती उघडलेली नाही. आईच्या आणि बाळाच्या जिवाचा खरा प्रश्न त्या वहीत आहे. पण वहीला टेप लावता येत नाही.

*

नागझिऱ्याकडच्या एका वस्तीतून एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याने आणि भावांनी दोन बांबू तोडले, त्यांना चादर बांधली आणि तिला झोळीत घालून सडकेपर्यंत चालत आणलं. वनखात्याच्या नाक्यावर गार्डने अडवलं.

"बांबूचा पास?"

नवरा गोंडीतून काहीतरी बोलला. भावाने समजावलं, "साहेब, बाई हाये आतमंदी. कळा देऊन राहिली."

गार्डने चादर बाजूला करून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला बिचारा. म्हणाला, "बाईले घेऊन जा. बांबू इथंच ठेवा."

तिला भावाने पाठीवर घेतलं. तिथून एका भल्या माणसाच्या जीपमधून ती आमच्यापर्यंत पोचली आणि आमच्या दाराला सील! मी तिला तपासलं, सलाईन लावलं आणि गोंदियाला पाठवलं. वाचली. पण तिचा नवरा जाताना आमच्या बंद दाराकडे ज्या नजरेने बघून गेला, ती मला आजही सहन होत नाही. त्याच्या लेखी नाकेवाला आणि मी एकाच माळेचे मणी झालो.

लता सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. पौर्णिमाला नववा लागला होता.

*

आणि पौर्णिमाचा दिवस आला.

सकाळी दहाची वेळ. कळा सुरू झाल्या म्हणून घरचे तिला ऑटोने गोंदियाला न्यायला निघाले. ऑटो आमच्या गेटसमोर आला तेव्हा लता सिस्टर रस्त्यावरच उभ्या होत्या. त्यांनी हात करताच तो गेटकडे वळून थांबला. त्यांनी पोरीला तपासलं आणि मला हाक मारली. बाळाचं डोकं दिसत होतं.

"सील तोडते मी!" मी ओरडले. हातोडीसुद्धा आणली.

लता सिस्टरनी माझा हात धरला. "नाही म्याडम. सील तुटलं त फाईल गेली. मंग बाकीच्या बायांनी कुठं जायचं?"

"निदान ओपीडीत तरी घेऊ!"

"आत घेतलं म्हून लिहितील. अन् आता वेळ बी नाही. तुमी ग्लोव्हज घाला."

समोरच्या बसस्टॉपवरच्या बायका धावत आल्या. त्यांनी पदर धरून ऑटोभोवती आडोसा केला. आमची लेबर रूम, टेबल, लाइट, सगळं पंचवीस पावलांवर कुलपात होतं आणि मी रस्त्यावर गुडघे टेकून बाळंतपण करत होते. मुलगी झाली. जोरात रडली. दोघी सुखरूप. मीही रडले, पण आनंदापेक्षा संतापाने जास्त.

तिसऱ्या दिवशी जीप आली. तक्रार होती की सील असताना दवाखान्याच्या आवारात बाळंतपण केलं. साहेबांनी ऑटोवाल्याला बोलावलं आणि त्या दिवशी होता तसाच ऑटो उभा करायला लावला. पुढचं चाक गेटच्या आत आलं, मागची दोन बाहेर राहिली.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "पेशंट कोणत्या सीटवर होती?"

"ड्रायव्हरच्या सीटवर कोन बाळंत होते साहेब?" बिसेनभाऊ म्हणाले.

टेप निघाला. एक टोक शिपायाने गेटच्या खांबाला धरलं, दुसरं साहेबांनी मागच्या सीटला लावलं. रस्त्यावर गर्दी जमली. लता सिस्टर नातीला घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्या खाली उतरल्या आणि साहेबांजवळ येऊन थांबल्या.

"किती भरलं साहेब?"

"सव्वादोन फूट. बाहेर." साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. "म्हणजे तुमच्यावर काही येत नाही."

"मंग तसंच लिहा," लता सिस्टर म्हणाल्या. "नर्सची नात. दवाखाना समोर, डॉक्टर हजर, अन् पोरगी जन्मली रस्त्यावर. सव्वादोन फूट बाहेर. लिहा, अन् खाली तुमची सही करा."

साहेबांनी टेप गुंडाळला, पेन पुन्हा खिशात ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी काढ."